गाडी सेल्फ घेत नाही

पांढुर्ण्यात मी ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं तेव्हा खासगी कार म्हणजे अँबॅसिडर, नाहीतर फियाट. दुकानाचं भाडं निघायचं ते नागपूर-बैतूल रस्त्यावरच्या ट्रकांवर, पण नाव व्हायचं ते कारवर. संत्र्याचे मोठे बागाईतदार, डॉक्टर, वकील आणि सौंसरचे टॅक्सीवाले, एवढ्यांकडेच कार असायची. ती बंद पडली की अर्ध्या गावाला कळायचं आणि कोणी सुरू करून दिली तेही कळायचं. नागपूरहून येणारा रस्ता सावनेरला फुटतो. एक फाटा आमच्याकडे येऊन पुढे बैतूलला जातो, दुसरा सौंसरवरून छिंदवाड्याला. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून वेगळा जिल्हा झाला, पण माझी गिऱ्हाइकं त्याआधीपासूनच दोन्ही रस्त्यांवरची होती.

आता त्या गाड्या मुलांच्या हाती आल्या आहेत. उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसिडर बनणं २०१४ साली थांबलं. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नंबरपट्टी मिळते, त्यामुळे शेडात पडून राहिलेल्या मार्क टू अँबॅसिडर पुन्हा बाहेर निघताहेत. पोरं येतात आणि म्हणतात, काका, बाबांच्या वेळेस हिचं काम तुम्हीच करत होता. करत होतो. त्यातलं किती चुकीचं केलं आणि त्याचे पैसे त्यांच्या बाबांनी कसे भरले हे त्यांना माहीत नाही. ते त्यांना कळायला हवं, कारण त्याच गाड्या आता ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देणार आहेत. म्हणून लिहितो. मालकांची नावं देत नाही.

सगळ्यात मोठी चूक अर्थिंगची.

मोहगावकडचे एक बागाईतदार होते, मी त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. त्यांची मार्क टू मी वर्षानुवर्षं सांभाळलेली. मुलीच्या लग्नाआधी त्यांनी गाडीला नागपुरात रंग मारून घेतला, तोही वरवरचा नव्हे. इंजिन उतरवलं, बॉडी घासली, बोनेटच्या आतल्या पत्र्यावर, खालच्या भागावर, सगळीकडे जाड, चकचकीत रंग दिला. गाडी परत आली ती नवरीसोबत फोटो काढण्यासारखी. त्यानंतर ती सेल्फ घेईनाशी झाली.

मी बोनेट उघडलं आणि त्यांच्या ड्रायव्हरला हेडलाइट लावायला सांगितला. दिवे लख्ख होते, हॉर्न खणखणीत होता. किल्ली फिरवली की सोलेनॉइडचा टक् असा आवाज यायचा, सेल्फ जेमतेम अर्धा फेरा घेऊन थांबायचा आणि दिवे मात्र तसेच लख्ख राहायचे. या शेवटच्या गोष्टीकडे मी त्या दिवशी नीट पाहिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. सेल्फ अडकला असेल किंवा बॅटरी दमली असेल तर किल्ली फिरवताच दिवे मरगळतात. ते मरगळले नाहीत, याचा अर्थ सेल्फला करंट पुरता पोहोचतच नव्हता. मी उलटा अर्थ लावला. दिवे चांगले म्हणजे बॅटरी चांगली, बॅटरी चांगली म्हणजे सेल्फ गेला. खात्रीसाठी सेल्फच्या टर्मिनलला टेस्ट लॅम्पही लावला. तोही झगझगीत पेटला.

टेस्ट लॅम्पने माझी इथेच फसगत केली, आणि आजही नव्या मुलांची करतो. २१ वॉटचा दिवा बारा व्होल्टवर दोन अँपिअरसुद्धा ओढत नाही. दोन्ही हेडलाइट मिळून आठ-नऊ अँपिअर. सेल्फ ओढतो दीडशे अँपिअर आणि थंडीत त्याहून जास्त. केबलच्या सगळ्या तारा तुटून दोनच शाबूत असल्या तरी त्या दोन तारांवर टेस्ट लॅम्प पूर्ण उजेडाने पेटतो. विहिरीच्या पाइपात गाळ अडकलेला असला तरी घागरभर पाणी येतंच, पाट सोडायची वेळ आली की कळतं. मी घागर भरून पाहिली आणि पाइप साफ आहे असं मालकाला सांगितलं.

सेल्फ उतरवला. आर्मेचर लेथवर घासून घेतलं, कार्बन नवे टाकले, बुश बदलले. गाडी होती तशीच. मग सोलेनॉइड नवं आणलं. थोडा फरक पडल्यासारखा वाटला. मग मी भाऊसाहेबांना म्हटलं, बॅटरी जुनी आहे, दिव्यांना पुरते पण सेल्फला पुरत नाही. त्यांनी नवी बॅटरी घेतली. नव्या बॅटरीचा जोर जास्त, शिवाय उन्हाळा लागला होता आणि इंजिनचं ऑइल पातळ झालं होतं. गाडी सुरू व्हायला लागली. माझं निदान बरोबर ठरलं असं मी समजलो आणि त्यांनाही तसंच सांगितलं.

हिवाळ्यात पुन्हा तेच. आंबिया बहाराची संत्री तोडायला आली होती. त्यांना रोज बागेत, कधी नागपूरच्या बाजारात जायचं असायचं. ते गाडी उतारावर लावायला लागले. उतार नसेल तिथे हॅन्डल मारायचे. जुन्या अँबॅसिडरला पुढून हॅन्डल घालायची सोय होती. हॅन्डल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, दांड्याला वेढा घालायचा नाही, हे तेव्हा प्रत्येक ड्रायव्हरला माहीत होतं, कारण इंजिनने उलटा झटका दिला तर वेढा घातलेला अंगठा मोडतो. चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकवर आला आणि हॅन्डलच्या या दुखण्यातून लोकांची सुटका झाली. साठी उलटलेल्या माणसाला मी पुन्हा त्या हॅन्डलपाशी नेऊन उभं केलं होतं. एका सकाळी इंजिनने झटका दिला आणि त्यांचं मनगट दुखावलं. ऐन तोडणीच्या दिवसांत हात गळ्यात अडकवून ते बागेत बसले.

आणि उत्तर त्यांनीच मला आधी दिलेलं होतं. सुरुवातीलाच, सेल्फ उतरवायच्या आधी, ते म्हणाले होते, “मिस्त्रीभाऊ, सेल्फ मारला का हा चोकचा दांडा गरम लागते.” मी म्हटलं, इंजिनची गरमी असेल. थंड इंजिनला सकाळी सकाळी कसली आली गरमी? पण मी तेवढा विचारच केला नाही. ते शेतकरी, मी मिस्त्री. गाडीबद्दल मला जे कळतं ते त्यांना कळत नाही, हे मी धरून चाललो होतो. त्यांनी हात लावून पाहिलेली गोष्ट मी हात न लावता खोडून काढली.

पुढे एका शनिवारी ते जामसावळीच्या हनुमानाला गेले. परत निघताना सेल्फ मारला तर डॅशबोर्डातून धूर निघाला. मंदिरासमोर गर्दी होतीच, लोकांनी ढकलून गाडी सुरू करून दिली. तशीच ती माझ्याकडे आणली. चोकची केबल जळली होती. बाहेरची गुंडाळी निळसर पडलेली, आतली तार गुंडाळीला चिकटून बसलेली. ती हातात घेऊन मी बाकावर बसलो. या केबलला विजेशी काही घेणंदेणं नाही. ती डॅशबोर्डातून निघते आणि कार्ब्युरेटरला जाते. म्हणजे एक टोक बॉडीला आणि दुसरं इंजिनला. मग हिच्यातून करंट कशाला गेला? कारण त्याला परत जायला दुसरी वाट उरली नव्हती.

अँबॅसिडरचं इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं. बॉडीशी त्याचा विजेचा संबंध येतो तो एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीने. बॅटरीतून निघालेला करंट जाड केबलने सेल्फमध्ये जातो, सेल्फच्या अंगातून इंजिनमध्ये उतरतो आणि त्या पट्टीवरून बॉडीत, बॉडीतून बॅटरीत परत येतो. मी गाडीखाली गेलो. पट्टी जागेवर होती. बोल्ट इतका घट्ट की पान्याला हलेना. पट्टीचं टोक नागपूरच्या त्या सुंदर रंगावर टेकलेलं होतं. जो काही संबंध उरला होता तो बोल्टच्या आट्यांपुरता. बोल्ट काढला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवरचा रंग लोखंड चमकेपर्यंत खरवडला, पट्टीचं टोक घासलं, पुन्हा आवळलं. सेल्फने इंजिन असं फिरवलं की ड्रायव्हर दचकला.

माझ्याकडे मीटर होता. पट्टीवर मी तो ओहमला लावूनही पाहिला होता आणि काटा शून्यावर गेला होता. तो तसाच जाणार, कारण तिथला अडथळा असेल ०.०२ ओहमसारखा काहीतरी आणि साध्या मीटरच्या वायरींचा स्वतःचाच अडथळा त्याहून मोठा असतो. पण दीडशे अँपिअर ओढायला गेलं की तेवढ्याशा अडथळ्यावर तीन व्होल्ट खर्च होतात. भाराखाली बॅटरी दहा-साडेदहावर आलेलीच असते, त्यातले तीन असे वाटेत गेले की सेल्फच्या हाती सात. हे पकडायचं तर करंट वाहत असतानाच मोजावं लागतं. कॉइलची वायर काढून ठेवायची म्हणजे इंजिन सुरू होत नाही. मीटर व्होल्टवर घेऊन एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खांबावर धरायचं, क्लॅम्पवर नाही, खांबाच्या शिशावर. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडावर. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर परतीची वाट खराब. मग तसंच जाण्याच्या वाटेवर मोजायचं, बॅटरीच्या दुसऱ्या खांबापासून सेल्फच्या टर्मिनलपर्यंत. पाच मिनिटांचं काम आहे. ते मी सेल्फ उतरवायच्या आधी करायला हवं होतं.

भाऊसाहेबांना मी सगळं खरं सांगितलं. सेल्फला, सोलेनॉइडला, बॅटरीला काहीही झालेलं नव्हतं. ते म्हणाले, “चोक गरम लागते हे म्या तुमाले पहिलेच सांगतलं होतं.” मजुरी मी परत केली. सामानाचे पैसे परत करण्याएवढी माझी तेव्हा ऐपत नव्हती. आणि लेथवर घासलेलं आर्मेचरचं तांबं कुणीच परत आणू शकत नव्हतं. चांगल्या आर्मेचरचं आयुष्य मी विनाकारण कमी केलं होतं.

दुसरी चूक कॉइल-कंडेन्सरची. ती जास्त काळ टिकली, कारण चुकीचा उपाय दरवेळी लागू पडायचा.

सौंसरच्या एका टॅक्सीवाल्याची पेट्रोल अँबॅसिडर छिंदवाड्याला जायची. रामाकोना सुटलं की पुढे सिल्लेवानीचा घाट. मे महिन्यात भर दुपारी घाट चढताना गाडी फटफट करायची, ओढ सोडायची आणि बंद पडायची. अर्ध्या तासाने सुरू व्हायची. तो मला म्हणाला, “घाटात गेली का बंद पडते, थंडी झाली का चालू होते, भाऊ.” मी बसल्या जागी निदान केलं. पेट्रोलची हवा होते. पंपावर ओलं फडकं टाकत जा.

पेट्रोलची वाफ होणं हे खोटं नाही. आमच्याकडच्या उन्हाळ्यात इंजिनला चिकटून बसलेल्या पंपात ती होते, ओल्या फडक्याने बरंही वाटतं. त्यामुळे माझं सांगणं त्याला पटलं. गाडी बंद पडली की तो खाली उतरायचा, पाण्याची बाटली काढायचा, फडकं भिजवून पंपावर ठेवायचा, एक बिडी ओढायचा, पुन्हा भिजवायचा. आणि गाडी सुरू व्हायची. प्रत्येक वेळी. मी त्याला विचारायचो, फडकं ठेवल्यावर होते ना सुरू? तो हो म्हणायचा. दोघांचंही समाधान. त्या वेळात फक्त पंपच थंड होत होता का, हा प्रश्न मला पडला नाही. बोनेट उघडं होतं. सगळंच थंड होत होतं.

एकदा तो रामाकोन्याजवळच्या एका गावातून आजारी माणसाला घेऊन छिंदवाड्याच्या दवाखान्यात निघाला होता. गाडी घाटात बंद पडली. फडकं भिजवणं सुरू झालं. घरची माणसं उन्हात उभी. शेवटी त्यांनी एक ट्रक थांबवला आणि आजाऱ्याला केबिनमध्ये घेऊन गेले. माणूस वाचला. पण त्या घराने आणि त्या गावाने त्याची टॅक्सी पुन्हा कधी केली नाही. ते गाव त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक होतं. तो माझ्याशी भांडला नाही. त्याने फक्त विचारलं, दुसरं काही असू शकते का?

त्यानंतर मी त्याच्याबरोबर घाटात गेलो. हे मी आधीच करायला हवं होतं. गाडी माझ्या दुकानात यायची तेव्हा ती थंड झालेली असायची आणि थंड गाडीत मला सगळं ठीक दिसायचं. रोग घाटात होता आणि मी पांढुर्ण्यात बसून तपासत होतो.

नेहमीच्या जागी गाडी बंद पडली. मी त्याला फडक्याला हात लावू दिला नाही. कार्ब्युरेटरवरचा पेट्रोलचा पाइप सोडवून डब्यात धरला आणि सेल्फ मारायला सांगितला. पेट्रोल धार बांधून पडलं. पंप पूर्ण तंदुरुस्त होता. पाइप परत बसवला, सांडलेलं पुसलं, डबा लांब ठेवून आलो. मग कॉइलची जाड वायर डिस्ट्रिब्यूटरमधून काढून तिचं टोक इंजिनपासून पाव इंचावर धरलं. दुकानात थंड गाडीवर तिथे निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी पडायची. इथे पडली ती बारीक, पिवळी, बिनआवाजाची. क्षणभरच दिसली.

डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली. पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ. कंडेन्सर काम सोडत असल्याची ही खूण मी शिकाऊ असताना पाहिली होती. पॉइंट उघडतो तेव्हा कॉइलमधला करंट एका झटक्यात तुटावा लागतो. तुटला तरच दुसऱ्या गुंडाळीत पंधरा-वीस हजार व्होल्ट उठतात. कंडेन्सर नसेल तर तो करंट उघडणाऱ्या पॉइंटवरच ठिणगी होऊन सांडतो आणि प्लगपर्यंत काहीच ताकद पोहोचत नाही. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेतं तेव्हा हे सेकंदाला शंभर वेळा घडावं लागतं. सुपारीएवढ्या त्या डबीत कागद आणि वर्ख गुंडाळलेले असतात. तापलं की आतला जोड सुटायचा, थंड झालं की पुन्हा धरायचा.

खिशात नवा कंडेन्सर होता. एक स्क्रू आणि एक जोड. इंजिन तसंच तापलेलं होतं, हात लावला तर भाजत होतं. सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली. मग मी ती बंद केली आणि जुना कंडेन्सर परत लावला. ड्रायव्हर वैतागला, चालू गाडी काहून बंद करता? जुन्यावर ती सुरू झाली नाही. नवा लावला, झाली. तेव्हा कुठे मला खात्री पटली. एवढ्याशा वस्तूसाठी त्याचा आख्खा उन्हाळा आणि एक गाव गेलं होतं. आता बाजारात येणाऱ्या कंडेन्सरचा भरवसा वाटत नाही. जुन्या गाडीतून काढलेला, तापूनही चालणारा कंडेन्सर मिळाला तर मी तो डबीत जपून ठेवतो आणि नव्यापेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

बेंडिक्सचं थोडक्यात सांगतो. या गाड्यांच्या सेल्फचा छोटा दातेरी गिअर झटक्याने पुढे फेकला जातो आणि फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकतो. ज्या आट्यांवरून तो सरकतो त्या कोरड्या ठेवायच्या असतात. फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला ग्रीस लागतं अशी माझी समजूत, म्हणून मी एका वकिलांच्या गाडीत तिथे ग्रीस भरलं. क्लचची धूळ आणि आमच्याकडची माती त्यात बसली, गिअर सरकायचा बंद झाला. सेल्फ नुसता घूं करत मोकळा फिरायचा. मी म्हटलं, फ्लायव्हीलचे दाते गेले. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना ठरावीक दोनच जागी थांबतं आणि दाते तिथेच झिजतात, हे मला माहीत होतं, त्यामुळे शंका रास्तच वाटली. गिअरबॉक्स उतरवून दाते पाहिले. धड होते. सेल्फ उतरवून रॉकेलने धुतला असता तर तासाभरात काम झालं असतं. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी वकिलांनी दिली आणि मी घेतली. तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं नाही. दाते साफ करून दिले असं सांगितलं. हे त्यांच्या मुलाला मी गेल्या वर्षी सांगितलं.

आणि एक चूक आहे ती पैशांची नाही. सोलेनॉइड बिघडलं की त्याच्या दोन जाड टर्मिनलवर पेचकस आडवा टाकून सेल्फ फिरवायचा, हे प्रत्येक मिस्त्री करतो. मीही करायचो. तसं करताना गाडी न्यूट्रलमध्ये आहे का हे आधी आत हात घालून पाहायचं, हेही प्रत्येकाला माहीत असतं. त्या दिवशी मी पाहिलं नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. किल्ली बंद होती, त्यामुळे काही होणार नाही असं मनात असावं. पण गिअर पडलेला असला की सेल्फ एकटाच गाडी पुढे ओढतो. पेचकस टेकवताच गाडीने उडी मारली. माझ्याकडे काम शिकणारा मुलगा समोर भिंतीपाशी बसून प्लग साफ करत होता. बंपर आणि भिंतीच्या मध्ये त्याचा गुडघा सापडला. उपचार नागपुरात झाले, खर्च मी केला. गुडघा पूर्ण वाकत नाही तो नाहीच. जमिनीवर मांडी घालून त्याला बसता येत नाही आणि या धंद्यात अर्धं काम जमिनीवर बसून असतं. त्याने धंदा सोडला. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. वायरिंगचा जोड तो असा घालायचा की नंतर शोधून सापडत नसे.

इतकं सगळं झाल्यावर तरी मी शहाणा व्हायला हवा होतो. पण पांढुर्ण्याच्या एका डॉक्टरांच्या फियाटमध्ये मी पुन्हा तेच केलं. ती गाडी कधीही बंद पडायची. थंड-गरम असा काही नेम नाही, चढ-उतार नाही. पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी ती माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार. सावरगाव आणि पांढुर्णा दोन्हीकडून दगड चालतात आणि जखमी येत राहतात, त्यामुळे डॉक्टरांना गाडी हवीच होती. रात्रीच्या रात्री मी पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॉइल आणि कॉइलची जाड वायर असं सगळंच बदलून टाकलं. गाडी उत्तम चालायला लागली. दुसऱ्या दिवशी त्यांचं काम अडलं नाही. काढलेलं सगळं सामान मी भंगारच्या डब्यात टाकलं, त्यात आधीचं तसंच सामान पडलेलं होतं.

काही महिन्यांनी गाडी पुन्हा तशीच बंद पडायला लागली. डॉक्टर दुकानात आले आणि त्यांनी सरळ विचारलं, तेव्हा नेमकं काय खराब होतं? मला सांगता आलं नाही. पाचांपैकी एखादं खराब होतं, की पाचही चांगले होते आणि सामान काढता-घालताना किल्लीच्या स्विचमागचा एखादा ढिला जोड हलून तात्पुरता धरला होता, हे कळायची वाट मी त्या रात्रीच बुजवून टाकली होती. एक बदलून पाहिलं असतं, जुनं परत लावून पाहिलं असतं, निदान काढलेलं सामान वेगळ्या कागदात बांधून ठेवलं असतं तरी चाललं असतं. सिल्लेवानीच्या घाटात हे मी केलं होतं, त्यामुळे मला ते येत नव्हतं असंही नाही.

मी नव्याने शोध घ्यायला सुरुवात केली, पण डॉक्टरांचा धीर संपला होता. पुढच्या वर्षी त्यांनी ती फियाट मुलताईच्या एका माणसाला विकली. विकताना त्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं की ही कधी बंद पडेल याचा नेम नाही आणि कारण कुणाला सापडलेलं नाही. त्यामुळे किंमत कमी आली.